माझं नाव ताई नाहीये

"मॅडम आम्ही तर तिला सगळं सांगितलं होतं, अगदी पहिल्यापासून, मग तरी असं का वागतेय ती?"

दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या आया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बहुतेकींची काळजी हीच असते, मोठ्या मुलाच्या मनाची तयारी कशी करायची, आणि तयारी करूनही पोर बिथरलं तर आपलं नेमकं चुकलं कुठे. यावर दहा टिप्स देणं सोपं आहे पण मला त्यापेक्षा एक केस सांगावीशी वाटते, कारण त्या घराने खरंच मनापासून तयारी केली होती. आईबाबांना विचारून लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात आणि मुलीचं नाव देत नाहीये.

वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत राहणारं कुटुंब, चार पिढ्या इथेच झाल्या, घरात मराठी, ओट्यावर गुजराती, शाळेत इंग्लिश. मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत. दिवाळी संपून आठवडा झाला असेल तेव्हा ते पहिल्यांदा आले, आईला सातवा लागला होता आणि तारीख जानेवारीच्या शेवटची होती. तक्रार अशी की तीन वर्षांपासून कोरडी झोपणारी पोरगी परत गादी ओली करायला लागली, रोज सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखतं, आणि शाळेत बाकावरच्या मैत्रिणीला दोनदा चावली. चावली म्हटल्यावर टीचरने घरी बोलावलं आणि मग हे माझ्याकडे आले.

आधी मी त्यांना मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे मी नेहमी करते आणि तुम्हीही करा, कारण सहा महिन्यांहून जास्त कोरडं राहिलेलं मूल अचानक गादी ओली करायला लागलं तर ते मनाचंच असेल असं नाही, लघवीत इन्फेक्शन असू शकतं, बद्धकोष्ठता असू शकते, फार तहान लागत असेल तर शुगरही बघावी लागते. हिचं सगळं नॉर्मल आलं.

मग मी तिच्याशी एकटीशी बसले. बाळाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. कागद आणि स्केचपेन दिले, म्हटलं तुझं घर काढ. तिने छान काढलं, जिना, झोपाळा, तुळस, झोपाळ्यावर आजी आणि ती, दारात बाबा. आई नव्हती.

"आई कुठेय गं?"

"आई गाडीत."

आणि कागद उलटा करून तिने मागच्या बाजूला ट्रेन काढली, एक खिडकी, खिडकीत मोठ्या पोटाची आई. मी विचारलं आणि तू? तर मान खाली घालून रंगवत रंगवतच म्हणाली, "मी इथेच. मला ठेवून जाणार ना. बाळाला नेणार. बाळ पोटात आहे ना मावशी, त्याला ठेवून नाही जाता येत."

मी या कामात बरीच वर्षं आहे तरी त्या वाक्याने माझ्या घशात काहीतरी अडकलं.

झालं होतं असं की बाळंतपण आईच्या माहेरी, इंदूरला करायचं ठरत होतं. आईने फोनवर तिच्या आईला सांगितलं, मोठीला इथेच ठेवून यावं लागेल, शाळा बुडेल नाहीतर. मुलगी शेजारच्या खोलीत होती. मोठ्यांना वाटतं मुलं खेळतायत, पण स्वतःबद्दलचं बोलणं मुलांना भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. आईबाबांना मी हे सांगितलं तेव्हा आई तिथेच रडायला लागली, म्हणाली आम्ही सांगणारच होतो हो, निघायच्या आठ-दहा दिवस आधी, उगाच आधीपासून तिला टेन्शन नको म्हणून. म्हणजे तिला टेन्शन नको म्हणून गप्प राहिले आणि ती दीड महिना एकटी ते घेऊन फिरत होती.

आता त्यांची तयारी बघा. बाळ केवढं झालं, आता त्याला बाहेरचे आवाज ऐकू येतात, पोटाला हात लावून बघ कसं लाथ मारतं, बाळाचे कपडे, बाळाचा पाळणा, बाळाचं नाव काय ठेवू या. सगळं बाळाचं. आणि मुलीच्या मनात प्रश्न एकच, माझं काय? मी कुठे झोपणार, मला शाळेत कोण पाठवणार, माझ्या वेण्या कोण घालणार, आई परत येणार का. त्याबद्दल तिला कोणी काही सांगितलं नव्हतं कारण मोठ्यांनी स्वतःच त्याचा विचार केला नव्हता, होईल की मॅनेज एवढंच.

मी त्यांना तिथेच कागद दिला आणि सांगितलं तिचा दिवस लिहा, सकाळपासून रात्रीपर्यंत, प्रत्येक गोष्टीपुढे कोण करतं ते लिहा. उठवणं, दूध, आंघोळ, वेण्या, टिफिन, वर्धीच्या म्हणजे शाळेची मुलं नेणाऱ्या रिक्षापर्यंत सोडणं, दुपारी घ्यायला जाणं, होमवर्क, संध्याकाळी खाली खेळायला नेणं, गोष्ट, झोपवणं. अकरा गोष्टी झाल्या, त्यातल्या नऊ आईच्या नावावर. आणि जानेवारीच्या शेवटी एका दिवसात या नऊच्या नऊ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाणार. कुठलंही पोर याचा हिशोब एकच लावेल की बाळ आलं आणि माझी आई गेली.

म्हणून मी म्हणते की हे हात बदलणं बाळ यायच्या आत दोन-अडीच महिने करा, हळूहळू, म्हणजे त्याचा दोष बाळाच्या माथी जात नाही. बाबांनी वेण्या शिकल्या. पहिल्या आठवड्यात एक वेणी कानापाशी आणि एक मानेपाशी असं व्हायचं, मुलगी आरशात बघून चिडायची, आजी म्हणायची आण इकडे मी घालते, पण मी आजींना सांगितलं होतं की मध्ये पडू नका. तीन आठवड्यांत जमलं त्यांना, लाल रिबिनीसकट. रविवारी सकाळी बाबा आणि ती दोघंच कमाटीबागेत जायला लागले. बाहेरच्यांना सांगते, विश्वामित्रीच्या काठचा हा बाग सयाजीराव गायकवाडांच्या काळातला, १८७९ चा, नाव सयाजीबाग पण बडोद्यात सगळे कमाटीबागच म्हणतात, आत प्राणीसंग्रहालय आहे, तेव्हा छोटी ट्रेनही चालायची. ट्रेनचा एक राउंड, मग परत येताना सेव उसळ, तिच्यासाठी वरची तिखट तरी न घालता. हा रविवार बाळ आल्यावरही बुडवायचा नाही असं मी बाबांकडून वचनच घेतलं, कारण मुलांना एक तरी गोष्ट जशीच्या तशी राहिलेली लागते.

इंदूरचं काय केलं? त्यांना शक्य होतं म्हणून इंदूरची आजीच इकडे आली, दीड महिन्यासाठी. सगळ्यांना हे जमणार नाही हे मला माहीत आहे, आणि माहेरी जाणं चूक आहे असंही माझं म्हणणं नाही, पहिल्या दिवसांत आईला तिच्या आईजवळ जो आराम मिळतो तो खरा असतो. पण मग मोठ्याला स्पष्ट सांगा, कॅलेंडर भिंतीवर असतंच, त्यावर जायची तारीख दाखवा, बाबा तुला घेऊन कुठल्या शनिवारी येणार ते गोल करा, रोज फोन किती वाजता येणार ते ठरवा आणि ती वेळ पाळा. सहा-सात वर्षांच्या मुलाला तारीख कळते. तीन वर्षांच्याला नाही कळत, त्याला सणाने सांगायचं, पतंग उडवून झाले की मग. आणि एवढ्या लहानाला तिसऱ्या महिन्यापासून सांगत बसू नका, त्याला वाट बघणं झेपत नाही, पोट दिसायला लागल्यावर सांगितलं तरी चालतं. मोठ्या मुलाला मात्र बाहेरच्या कोणाकडून कळायच्या आत तुमच्याकडून कळलं पाहिजे. बरेच जण पहिले तीन महिने थांबतात, गर्भपाताची भीती मुख्यतः त्याच काळात असते, ते ठीकच आहे.

झोपायचंही असंच. ती आईजवळ झोपायची आणि घरच्यांचा बेत होता की बाळ आलं की तिला आजीच्या खोलीत टाकू. मी म्हटलं एकतर आत्ताच करा नाहीतर बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर करा, त्या आठवड्यात अजिबात नको. त्यांनी नोव्हेंबरमध्येच केलं, चादर तिने निवडली, मोरांची.

आता ती नावाची गोष्ट. दुसऱ्या सेशनला ती आली तेव्हा आजी हाक मारत होती, "ताई, चप्पल इथे काढ." मुलगी ऐकेचना. तीन-चार हाकांनंतर एकदम ओरडली, "माझं नाव ताई नाहीये!" आणि दारामागे जाऊन उभी राहिली.

चौकशी केली तर कळलं की बाळाची बातमी सांगितली त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनी कौतुकाने तिला ताई म्हणायला सुरुवात केली होती. सवय लागावी म्हणून. तिचं एक घरातलं नाव होतं, लाडाचं, दोन अक्षरी, ते चार महिन्यांत कोणीच उच्चारलं नव्हतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. वर जोडीला, ताई असून रडतेस? ताई झालीस ना आता, हाताने जेव. सहा वर्षांच्या मुलीला काल जे चालत होतं ते आज चालेना, कशामुळे, तर जे अजून जन्मलंही नाही त्याच्यामुळे. दादा-ताई हे फार गोड शब्द आहेत आपले पण ते नातं बाळाने हाक मारायला लागल्यावर तयार होतं, त्याआधी तो मुलावर चढवलेला युनिफॉर्म असतो. मी त्यांना तिचं जुनं नाव परत सुरू करायला सांगितलं, त्याच दिवसापासून. आणि "मोठी आहेस ना तू" हे वाक्य घरातून काढून टाकायला सांगितलं, साडेसहा म्हणजे लहानच.

आजींना हे सगळं थोडं जास्तच वाटत होतं. आमच्या वेळी कुठे पोरांना विचारत होते, एकापाठी एक होत होती, मोठं पोर आपोआप शहाणं व्हायचं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही कारण त्यात तथ्य आहे, फक्त त्यांच्या वेळी वाड्यात चौदा माणसं होती, आईची मांडी अडकली तर काकूची मांडी होती, आत्या होती, बरोबरीची चुलत भावंडं होती. आता घरात चार माणसं. एक मांडी अडकली की उरतं काय? हे त्यांना पटलं, आणि एकदा पटल्यावर आजींनी जे काम केलं ते माझ्याने झालं नसतं.

ते असं. उत्तरायणाला तुम्हाला माहितीय बडोद्यात सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर असतं, १४ आणि १५ जानेवारी दोन्ही दिवस, आणि आपल्या लोकांकडे वर संक्रांतीचं हळदीकुंकू. घर बायकांनी भरलेलं, आईला नववा, आणि मुलगी तिळगूळ वाटत फिरतेय. प्रत्येक जण तिला धरून तेच, काय गं भाऊ हवा की बहीण? आता तुझे लाड संपले हं. शेजारच्या बेन हसत हसत म्हणाल्या, हवे तारामां भाग पडशे, म्हणजे आता तुझ्यात वाटेकरी येणार. कोणाच्याही मनात वाईट नसतं, मस्करी असते, पण मूल ते मस्करी म्हणून ऐकत नाही, बातमी म्हणून ऐकतं. आजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तिला काही विचारू नका, ती काय ऑर्डर देऊन मागवतेय का? आणि लाड कुणाचे संपत नाहीत आमच्याकडे."

भाऊ हवा की बहीण, या प्रश्नाचा मला मनापासून राग आहे. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आईबापांनाच माहीत नसतं, मग पोराकडून उत्तर का काढायचं? पहिली मुलगी असली की तर विचारूच नका, "आता भाऊच येऊ दे बाई" हे तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, आणि ती मनात एवढंच नोंदवते की माझ्याने काहीतरी कमी पडलं होतं. पंचवीस-तीस वर्षांच्या बायका माझ्यासमोर बसून हे वाक्य जसंच्या तसं आठवून सांगतात.

बाळ झालं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. सिझेरियन झालं. याचीही तयारी केली होती, म्हणजे आईने तिला आधीच सांगितलं होतं की कदाचित पोटाला टाके पडतील आणि मग दीड महिना मी तुला उचलू शकणार नाही, पण तू माझ्या शेजारी पलंगावर चढून बसू शकतेस, मध्ये उशी ठेवायची. उशी कुठली तेही ठरलं होतं. ज्या हॉस्पिटलमध्ये जाणार तिथे लहान मुलांना आत सोडतात का हे आधी विचारून ठेवा, कित्येक ठिकाणी सोडत नाहीत आणि ऐन वेळी पोर दारात अडकतं.

पहिल्या भेटीसाठी माझा एकच आग्रह असतो, मोठं मूल खोलीत येईल तेव्हा आईचे हात रिकामे पाहिजेत. बाळ पाळण्यात असू दे, आजीकडे असू दे. ती आली, बाळाकडे बघितलंच नाही, सरळ आईजवळ, उशी मध्ये ठेवली, चढून बसली. आईने तिच्या वेण्या बघितल्या, म्हणाली आज कोणी घातल्या, छान झाल्यात. पाच-सात मिनिटं शाळेचं बोलणं झालं. मग तिनेच विचारलं, ते झोपलंय का? आणि मग पाळण्याजवळ जाऊन बाळाच्या तळहातात बोट ठेवलं. तान्ह्या बाळाच्या तळव्यात बोट ठेवलं की ते आपोआप मूठ आवळतं, सगळीच बाळं आवळतात, पण तिला ते माहीत नव्हतं आणि आम्ही मुद्दामच सांगितलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली म्हणे, हलेचना.

बाळाने तुझ्यासाठी गिफ्ट आणलंय असं सांगून खेळणं द्यायची पद्धत आता खूप झालीय, मला ती फारशी आवडत नाही. तीन वर्षांच्या मुलाला गंमत वाटेल. पण सहा वर्षांचं मूल विचारतं की पोटातून दुकानात कसं गेलं, आणि ज्या दिवशी त्याला तुमच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवायचाय त्याच दिवशी तुम्ही खोटं बोलताना सापडता.

घरी आल्यावर पहिले दहा दिवस एकदम मस्त गेले, आईचा मेसेज आला की मॅडम जादू झाली. मी म्हटलं थांबा. तिसऱ्या आठवड्यात गादी परत ओली, बोबडं बोलणं सुरू, आणि एके दिवशी म्हणाली मलाही तुझं दूध पाहिजे. आई घाबरली, मला लगेच फोन. मी म्हटलं चमच्यात काढून दोन थेंब द्या, किंवा देववत नसेल तर जवळ घेऊन सांगा की तूही असंच प्यायचीस, फक्त शी असं काय बोलतेस म्हणू नका. तिने एक थेंब चाखला, तोंड वाकडं केलं, विषय संपला. हे मागे जाणं असतं ते तात्पुरतं असतं, मूल तपासून बघतं की लहान झालं तरच आई मिळते का. न झालं तरी मिळते हे दिसलं की ते सोडतं. गादी ओली झाली की चादर बदलायची, बस, दुसऱ्या दिवशी नातेवाइकांसमोर चर्चा नाही.

खरी पंचाईत असते ती पाजण्याच्या वेळची, कारण तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं आणि प्रत्येक वेळी आई अडकलेली असते. त्यासाठी आम्ही एक केलं, मोठीचे लहानपणचे फोटो एका डब्यात भरले आणि दुपारचं पाजणं चालू असताना ती एक फोटो उचलणार आणि आई त्याची गोष्ट सांगणार. तू किती रडायचीस, तुझी नाळ कधी गळली, तू पहिल्यांदा कुंची घालून कमाटीबागेत गेलीस तेव्हा शिंकलीस. गोष्ट तिची, बाळाची नाही.

आणि बाळाबद्दल बोलायचंच तर ते माणूस असल्यासारखं बोला. केंब्रिजमध्ये ज्युडी डन आणि कॅरोल केंड्रिक या दोघी संशोधकांनी ४० घरांत दुसरं मूल जन्मायच्या आधीपासून जाऊन निरीक्षण केलं होतं, त्यांना दिसलं की ज्या घरांत आई पहिल्या आठवड्यांपासून मोठ्याशी बोलायची की बघ त्याला भूक लागली असेल का, त्याला काय हवं असेल, तिथे मोठं मूल पुढेही धाकट्याशी जास्त मायेने वागायचं. आपल्याकडे उलट ऐकू येतं, हात नको लावू, आवाज नको करू, उठेल ते. दिवसभर नको-नको. त्यापेक्षा तिला विचारा, तुला काय वाटतं का रडतोय? ती सांगते, आणि बऱ्याचदा बरोबर सांगते. मारलं तर हात धरायचा आणि सांगायचं, मी मारू देणार नाही, राग आला तर मला येऊन सांग. एवढ्या लहान मुलाला बाळाजवळ एकटं मात्र सोडायचं नाही, कितीही समजूतदार असलं तरी.

बारशाला मलाही बोलावलं होतं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, हसाहशी. मुलगी पाळण्याची दोरी धरून उभी होती, मध्येच तिने विचारलं, "माझं नाव माझ्या कानात कोणी सांगितलं होतं?" आत्या म्हणाली मीच की गं. "कसं सांगितलं होतं?" आणि ती आत्या, तिला मी कधी भेटलेही नव्हते, तिला कोणी काही शिकवलं नव्हतं, ती तिथेच गुडघ्यावर बसली, मुलीला जवळ ओढलं, कानाला तोंड लावून कुर्र केलं आणि तिचं नाव सांगितलं. आधी पाळण्यातलं आणि मग ते दोन अक्षरी. मुलीने कान चोळला, आणि म्हणाली परत.

आता बाळ नऊ महिन्यांचं आहे. गेल्या आठवड्यात आईचा मेसेज आला, तो रांगत रांगत गेला आणि हिची ड्रॉइंगची वही फाडली, हिने त्याला ढकललं, तो पडला, ही स्वतःच त्याच्यापेक्षा जास्त रडतेय, परत सगळं पहिल्यासारखं झालं का मॅडम? मी लिहिलं की नाही झालं, हे वय तसंच असतं, धाकटं वस्तूंपर्यंत पोचायला लागलं की मोठ्याचा राग नव्याने येतो. तिला एक पेटी द्या, वर ठेवायची, बाळाने कधीच हात लावायचा नाही अशी. आणि उद्या शाळा सुटल्यावर तिला घ्यायला तुम्ही जा, बाळाला आजीकडे ठेवून, एकट्या.